शाळेत नेब्युलायझर ठेवायला सरकारी निधी कुठून मिळतो? (तातडीने मदत हवी आहे)

खाडीकाठची
मुलगा चौथीत आहे, दमा आहे. सोमवारी शाळेत धाप लागली. बाईंचा फोन आला तेव्हा मी काजू फॅक्टरीत होते, पोचायला पाऊण तास गेला. तोवर तो बाकावर वाकून बसलेला, ओठ निळसर. पंप दप्तरातच होता, पण "आम्हाला औषध देता येत नाही" म्हणाल्या. मुख्याध्यापक म्हणतात नेब्युलायझरला, म्हणजे औषधाची वाफ देणाऱ्या मशीनला, निधी नाही, तुम्हीच आणून द्या. वर्गात अजून दोन मुलं आहेत अशी. सरकारचे पैसे येतात ना शाळेला? अर्ज कोणाकडे करायचा तेवढंच सांगा, पुढच्या आठवड्यात पालकसभा आहे.

जांभा
समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान येतं, पटावर ठरतं. ३० पर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करून घ्या. पट किती आहे?

निवृत्त मास्तर
जांभा, एवढं सरळ नसतं हो. मी ते अनुदान वापरलंय. वीजबिल, खडू, डागडुजी, शिवाय किमान १० टक्के स्वच्छतेवर. पावसाआधी कौलं परतायची म्हटली की संपलं. पण मला दुसरंच खटकतंय. पंप दप्तरात असून दिला नाही, हे निधीचं दुखणं नाही. डॉक्टरांची चिठ्ठी शाळेत दिली होती का?

खाडीकाठची
पट ८५. चिठ्ठी कोणी मागितली नाही. निधीचं सांगा ना कोणीतरी.

मोहोर
आमच्या शेजारचे दरवर्षी मृगाला हैदराबादला जाऊन माशातून औषध घेतात. आपल्याला मासे काही नवीन नाहीत, मुलगा पटकन गिळेल. सलग तीन वर्षं न्या.

आरोग्यसेविका
मोहोर, कृपा करून नको. धाप लागलेल्या मुलाला जिवंत मासा गिळायला लावायचा म्हणजे घशात अडकायची भीती, आणि त्याचा दम्याला उपयोग होतो असं सिद्ध झालेलं नाही.

ताई, मशीनच्या मागे लागू नका. मशीनला वीज लागते, आणि आपल्याकडे जूनमध्ये एक झाड तारेवर पडलं की दोन दिवस काळोख. एकच मास्क तीन मुलांना लावला तर जंतू पसरतात. साधारण झटक्याला पंप आणि स्पेसर (पंपाला लावायची पोकळ नळी) मशीनइतकंच काम करतात. स्पेसर काही शे रुपयांत येतो. नसेलच तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीला भोक पाडून पंप बसवला तरी औषध नीट आत जातं, दक्षिण आफ्रिकेत याचा अभ्यास झालाय. ओठ निळे दिसले की मात्र आधी १०८, मग आईला फोन.

जांभा
पण त्यांनी मशीनचं विचारलंय.

आरोग्यसेविका
त्यांनी मुलाचं विचारलंय.

चाकरमानी
गावाचं मुंबईत मंडळ असेलच. एक फोन करा, गणपतीत सगळे येतील तेव्हा दहा स्पेसर घेऊन येतील. आमच्या मंडळाने शाळेला फिल्टर दिला, बाक दिले.

निवृत्त मास्तर
चाकरमानी, तुमच्या मंडळाबद्दल आदर आहे. पण दरवेळी मुंबईकडेच का बघायचं? औषध काही काळाने मुदतबाह्य होतं, पंप संपतो. मंडळ एकदा देतं. दरवर्षी द्यायचं काम शासनाचं.

चाकरमानी
आणि शासनाचा कागद हलेपर्यंत पोराने काय करायचं, मास्तर?

इंग्लंडवासी दापोलीकर
इथे १ ऑक्टोबर २०१४ पासून शाळांना चिठ्ठीशिवाय साल्ब्युटामॉलचा, म्हणजे धाप लगेच उतरवणारा पंप विकत घेऊन तातडीसाठी ठेवता येतो. ज्या मुलाला पंप लिहून दिलेला आहे आणि पालकांची लेखी संमती आहे, त्यालाच देतात. आपल्याकडे हा नियम नाही, पण संमतीपत्राची पद्धत उचलायला काय हरकत आहे?

खाडीकाठची
सगळं वाचतेय. एक राहिलं, शाळा संस्थेची आहे, अनुदानित. त्याने फरक पडतो का?

जांभा
अहो, हे आधी सांगायचं! सगळाच फरक पडतो. संयुक्त अनुदान शासकीय आणि जिल्हा परिषद, नगरपालिकांच्या शाळांना. तुमच्या समितीला शिक्षण हक्क कायद्यात फक्त सल्ल्याचा अधिकार. माझं वरचं सगळं बाद समजा.

आरोग्यसेविका
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम मात्र अनुदानित शाळांनाही आहे. २०१३ मध्ये त्याची सुरुवात आपल्याच राज्यात पालघरला झाली. त्यातल्या ३० आजारांत श्वासनलिका आकसण्याचा आजार आहे, म्हणजे दमा धरून. पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, दोन डॉक्टर असतात. तिन्ही मुलांची नावं त्यांच्या नोंदीत घाला आणि पुढे पाठवल्याचं कार्ड मागून घ्या. तपासणी, उपचार मोफत. पथक येऊन गेलं असेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी द्या. मशीन हवंच असेल तर ते प्राथमिक आरोग्य केंद्रात असू दे, त्यासाठी रुग्ण कल्याण समितीकडे अर्ज करा. शाळेपासून केंद्र किती लांब?

खाडीकाठची
४ किलोमीटर, मध्ये खाडीचा पूल. पथक श्रावणात आलं होतं, मुलगा त्या दिवशी तापाने घरी होता.

मोहोर
कोल्हापूरकडे कोणी नातेवाईक असतील तर पावसाळाभर तिकडे ठेवा. भिंतींना बुरशी धरते आपल्याकडे, त्याचाच त्रास.

आरोग्यसेविका
बुरशीचं बरोबर आहे, पण पोराची शाळा सोडवू नका. ताई, दप्तरातल्या पंपावर नाव काय आहे? साल्ब्युटामॉल का ब्युडेसोनाइड?

खाडीकाठची
आत्ता बघितलं. ब्युडेसोनाइड. सकाळ-संध्याकाळ घ्यायचा म्हणून मीच दप्तरात ठेवते, शनिवारी माझ्या आईकडे जातो ना. साल्ब्युटामॉलचा घरी फळीवर आहे.

आरोग्यसेविका
मग सोमवारी बाईंनी दिला असता तरी धाप लगेच उतरली नसती. तो रोजचा आहे, झटक्याचा नाही. उद्या सकाळी साल्ब्युटामॉलचा दप्तरात घाला. त्याच डॉक्टरांकडून लिहून आणा: धाप लागली तर किती फवारे, किती वेळाने परत, १०८ कधी. एक प्रत बाईंकडे, खाली तुमची सही.

निवृत्त मास्तर
संमतीपत्र आणि आरोग्य अधिकाऱ्यांचा अर्ज मी रात्री लिहून इथे टाकतो. बाकीच्या दोघांचे पालक सही करतील ना? तीन सह्यांचा अर्ज असा परत येत नाही.

खाडीकाठची
एकीला आत्ताच फोन केला, ती करते म्हणाली. दुसरीचे बाबा बोटीवर आहेत, परवा येतील. मास्तर, रात्री किती वाजता टाकाल? मी जागी आहे.