बोअरच्या पाण्याने पांढरे सुती कपडे राखाडी आणि कडक झालेत, पूर्ववत होतील का?

वाळवण
सोसायटीत फक्त बोअरचं पाणी आहे. सहा पांढरे सुती शर्ट आणि दोन धोतरं वर्षभरात राखाडी पडली. वाळल्यावर पापडासारखी कडक होतात. कॉलरच्या आत पिवळा पट्टा बसलाय. एका शर्टाच्या पाठीवर तांबूस ठिपके आहेत. पावडर दीडपट करून पाहिली, फरक नाही. क्लोरीनचं ब्लीच लावलं तर ठिपके उलट गडद झाले. मशीन फ्रंट लोड, कपडे थंड पाण्यात धुते. पाण्याच्या तपासणीत एकूण कठीणता ४२० मिलिग्रॅम प्रतिलिटर आली.

पाणवठा
पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणता २०० पर्यंत चांगली, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालते. म्हणजे ४२० पिण्याला चालून जाईल, पण धुण्याला फार जड.

राखाडीपणा बहुतेक मळाचा नाही, चुन्याचा आहे. साध्या पावडरींत धुण्याचा सोडा भरपूर असतो. तो पाण्यातल्या कॅल्शियमशी जुळून त्याची बारीक भुकटी धाग्यांत बसवतो, आणि ती मळ धरून ठेवते. पावडर वाढवली की सोडाही वाढतो, म्हणून दीडपट करूनही काही हाती लागलं नाही. वडीचा साबण तर आणखी वाईट; त्याचा चिकट साका होतो आणि तो कपड्यालाच लागतो.

आधी हा चुना काढा. ५ लिटर कोमट पाण्यात १५ ग्रॅम, म्हणजे एक मोठा चमचा सायट्रिक ॲसिड (किराणावाल्याकडे लिंबूसत्व) विरघळवा. दोन-तीन शर्ट पूर्ण बुडतील असे भिजवा, अर्धा तास ठेवा, अधूनमधून वरखाली करा. थर जाड असेल तर बारीक बुडबुडे दिसतील. मग दोनदा खळबळून काढा. पाणी गढूळ निघालं तर तेच प्रमाण पुन्हा एकदा. सुती कापडाला याने अपाय नाही, फक्त ॲसिड नीट धुऊन निघालं पाहिजे. तसंच वाळवून इस्त्री केली तर धागा कमजोर होतो.

पुढे दर धुण्याला शेवटच्या खळबळीत १० लिटरला एक छोटा चमचा, ५ ग्रॅम पुरे. मशीनमध्ये अर्धा कप पाण्यात विरघळवून सॉफ्टनरच्या कप्प्यात घाला. पावडरऐवजी लिक्विड डिटर्जंट घेतलंत तर सोड्याचा प्रश्नच कमी होतो.

निळीचा थेंब
तांबूस ठिपके गंजाचे असणार. पाण्यात लोह थोडं असलं तरी क्लोरीनचं ब्लीच त्याला गंजाच्या रूपात कापडावर पक्कं बसवतं, म्हणून ते गडद झाले. आता ब्लीच बंद करा.

ठिपक्यांवर एक कप गरम पाण्यात दोन छोटे चमचे लिंबूसत्व घालून तेच पाणी लावा. कापड ओलं राहील असं २० मिनिटं ठेवा, मऊ ब्रशने चोळा, धुवा. दोन-तीनदा करावं लागेल.

गंज निघाल्याशिवाय ऑक्सिजन ब्लीच (क्लोरीन नसलेली, पाण्यात पेरॉक्साइड सोडणारी पूड) वापरू नका, हे फार महत्त्वाचं. लोहाशेजारी त्यातलं पेरॉक्साइड एकदम फुटतं आणि नेमक्या त्या ठिपक्यावर टाचणीएवढं भोक पडतं. कापड धुतल्यावर काहीच दिसत नाही; दोन धुण्यांनंतर भोक उघडतं.

वाळवण
लिंबूसत्व आणि ऑक्सिजन ब्लीच एकाच पाण्यात घालून काम एकदम उरकता येईल का? कॉलरचं काय?

पाणवठा
नाही. ऑक्सिजन ब्लीच क्षारधर्मी पाण्यात काम करतं, आम्ल घातलंत की त्याचा जोर जातो. आणि क्लोरीनच्या ब्लीचमध्ये आम्ल अजिबात नको: विषारी क्लोरीन वायू निघतो. त्याची बाटली त्या दिवशी मोरीतही ठेवू नका.

कॉलरचा पट्टा अंगाच्या तेलाचा असतो, चुन्याचा नाही. भांड्यांचं लिक्विड कोरड्या कॉलरला बोटाने चोळा, २० मिनिटं ठेवा, मग ४० अंशांवर धुवा. थंड पाण्यात तेल सुटतच नाही. काखेतला पिवळेपणा वेगळा: अँटीपर्स्पिरंटमधल्या (घाम रोखणाऱ्या डिओतल्या) ॲल्युमिनियमने होतो, त्याला लिंबूसत्वात भिजवणंच लागू पडतं. क्लोरीनच्या ब्लीचने तो वाढतो.

एवढ्यानंतरही पिवळट वाटलं तरच ऑक्सिजन ब्लीच, ५० ते ६० अंश गरम ५ लिटर पाण्यात दोन मोठे चमचे, चार तास. त्यातही सोडा असतो, म्हणून शेवटी लिंबूसत्वाची खळबळ हवीच.

निळीचा थेंब
नीळ द्यायची तर सगळ्यात शेवटी, आणि पाणी वेगळं. पारंपरिक निळीची पूड म्हणजे अल्ट्रामरीन. आम्लात तिचा रंग उडतो, त्यामुळे लिंबूसत्वाच्या पाण्यात ती मिसळू नका. पूड फडक्यात बांधून पाण्यात हलवा. द्रव नीळ अर्ध्या बादलीला चार थेंब, आधी ढवळून घ्या. कपडा त्यानंतर घाला, आणि एकाच वेळी सगळा बुडवा. अर्धा बुडवला की रेघ उमटते.

धोतरांना खळ देत असाल तर ती निळीच्या पाण्यातच मिसळली तरी चालते.

पाणवठा
मशीनच्या ड्रमलाही हाच चुना लागलेला असणार. ड्रम रिकामा ठेवून १०० ग्रॅम लिंबूसत्व त्यात टाका आणि ६० अंशांचं चक्र चालवा. तीन-चार महिन्यांतून एकदा पुरे. सारखं केलं तर दाराचं रबर खराब होतं.