मदत हवी आहे : फिस्टुलाच्या शस्त्रक्रियेनंतर पाळणा लांबवण्याविषयी कसे बोलावे?

नमस्कार. मी नंदुरबार जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक आहे. दीर्घकाळ अडलेल्या बाळंतपणामुळे मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये छिद्र पडून सतत लघवी झिरपू लागलेल्या, म्हणजेच फिस्टुला झालेल्या स्त्रिया शस्त्रक्रियेनंतर घरी परततात, तेव्हा त्यांच्याशी गर्भनिरोधनाविषयी कसे बोलावे, याबाबत मार्गदर्शन हवे आहे.

किमान तीन महिने शरीरसंबंध टाळावेत, पुढची गर्भधारणा साधारण वर्षभर लांबवावी आणि पुढचे बाळंतपण रुग्णालयातच, शक्यतो सिझेरियनने व्हावे, एवढे आम्ही सांगतो. खरी अडचण घरात असते. अशा प्रसूतीत बाळ बहुतेक वेळा दगावलेले असल्यामुळे सासरच्यांना लवकर मूल हवे असते आणि साधनांचा विषय काढताच आम्ही तिची कूस कायमची बंद करत आहोत, असा त्यांचा समज होतो. नवऱ्याला सोबत बसवणे योग्यच. पण तिच्या संमतीशिवाय तिचे दुखणे त्याच्यापुढे उघड करणे मला पटत नाही.

अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन तीन महिने पुरते, मात्र ते थांबवल्यावर गर्भ राहायला काही महिने उशीर होऊ शकतो. छाया या गर्भनिरोधक गोळीत हार्मोन नसले, तरी सुरुवातीचे तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा, हा क्रम पाड्यावर सांभाळणे अवघड जाते. अशा स्त्रीला आपण कोणते साधन सुचवता? तांबीचा विचार करण्यापूर्वी शल्यचिकित्सकांकडून काय तपासून घेता? पावरी किंवा भिली या इथल्या आदिवासी बोलींतील सचित्र साहित्य कोणाकडे असल्यास कृपया कळवावे.