ब्रनोच्या किल्ल्यातले इटालियन कैदी कोण? आणि आमच्या गावच्या पाटीवर काय लिहावं?

बोरीकाठ:
राम राम मंडळी. मी अमळनेर तालुक्यातला. माझा भाचा नोकरीला चेक देशात ब्रनो शहरात आहे, त्याने तिथल्या श्पिलबेर्क किल्ल्याचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, त्यात इटालियन देशभक्तांच्या आठवणीचा एक फलक आहे. राजकारणापायी छळ सोसलेली माणसं म्हणे ती. तिथल्या माहितीत सिल्व्हिओ पेलिको आणि मारोन्चेल्ली ही दोन नावं त्याला दिसली. आता मला कळत नाही की इटलीची माणसं इतक्या लांब चेक मुलखात कशी काय कोंडली, आणि त्यांनी केलं तरी काय होतं?
विचारायचं कारण वेगळं आहे. आमच्या ग्रामपंचायतीसमोर ४२ च्या चळवळीत जेलात गेलेल्यांच्या नावाची ग्रॅनाइटची पाटी लावायचं ठरलंय आणि त्यावरून गावात दोन तट पडलेत. काही म्हणतात जो मेला तोच हुतात्मा, बाकीच्यांची नावं कशाला. आणि एक आजोबा बाँड, म्हणजे परत चळवळीत पडणार नाही असं लिहून देऊन, लवकर सुटले होते तर त्यांचं नाव टाकायचंच नाही असं काही जण अडून बसलेत. दुसऱ्या देशात लोक अशा पाट्यांवर काय धरतात ते समजलं तर मीटिंगमध्ये बोलता येईल.

पांझरेकर:
भाऊ, काम बेस शे तुमनं.
१८१५ ला नेपोलियन पडल्यावर व्हिएन्नाच्या तहात मिलान आणि व्हेनिसचा मुलूख ऑस्ट्रियाच्या बादशहाकडे गेला. ब्रनो पण त्याच बादशहाचं, म्हणून घरापासून जेवढं लांब नेता येईल तेवढं नेऊन टाकलं, आपल्याकडचे अंदमानला नेले तसंच. पेलिको नाटकं लिहायचा. मिलानमधून तो आणि त्याचे मित्र एक नियतकालिक काढायचे, ते १८१९ ला सेन्सॉरने बंद पाडलं. कार्बोनारी नावाची गुप्त मंडळी होती, तिचं सभासद होणं हा १८२० च्या ऑगस्टमध्ये राजद्रोह ठरला, फाशीची सजा. ऑक्टोबरमध्ये मारोन्चेल्लीला पकडलं आणि लगेच पेलिकोलाही. दोघांनी कोणाला मारलं नव्हतं, कुठे बॉम्ब टाकला नव्हता. १८२२ ला व्हेनिसच्या चौकात मंचावर उभं करून सगळ्यांसमोर निकाल वाचला, आधी फाशी आणि मग दया म्हणून पेलिकोला १५ वर्षं, मारोन्चेल्लीला २० वर्षं सक्त कैद.
ही सक्त कैद म्हणजे पायात बेडी, झोपायला नुसती फळी, खायला अगदी जेमतेम, आणि काम काय तर मोजे विणा, लाकडं फोडा. घरी पत्र पाठवायची बंदी, आईबाप जिवंत आहेत की गेले तेही कळायचं नाही. ओरोबोनी नावाचा त्यांचा सोबती १८२३ ला तिथेच गेला. मारोन्चेल्लीच्या गुडघ्याला गाठ होऊन पाय सडला, १८२८ ला मांडीतून कापला, तेव्हा भूल देणं वगैरे काही नव्हतं, आणि पाय कापून झाल्यावर त्याने खिडकीतल्या पेल्यातलं गुलाबाचं फूल मागवून डॉक्टरला दिलं, तुम्हाला द्यायला माझ्याकडे दुसरं काही नाही म्हणून. म्हातारा डॉक्टर रडला. हे पेलिकोनेच लिहून ठेवलंय. मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा पुढे सरकवत नाही.
१८३० ला दोघं सुटले.

केळीबाग_रावेर:
पांझरेकर दादांनी छान सांगितलं, पण बोरीकाठ भाऊंचा खरा प्रश्न बाँडवाल्या आजोबांचा आहे आणि त्याचं उत्तर पेलिकोच्याच गोष्टीत आहे. चौकशीत तो सुरवातीला काही बोलला नाही पण महिनोन्महिने एकट्याला कोंडल्यावर शेवटी कबुली दिली. सुटल्यावर राजकारण सोडलं, देवाधर्माकडे वळला, १८५४ ला वारला तोवर परत कुठल्या कटात पडला नाही. पण १८३२ ला त्याने जेलच्या आठवणी छापल्या, त्यात बादशहाला शिव्या नाहीत, पहारेकरी शिलर कसा जीव लावायचा तेसुद्धा प्रेमाने लिहिलंय, आणि तरी साऱ्या युरोपात वाचलं गेलं. एक लढाई हरण्यापेक्षा या पुस्तकाने ऑस्ट्रियाचं जास्त नुकसान केलं असं लोक म्हणायचे. असा माणूस तिकडे देशभक्तच धरला जातो, कबुली दिली म्हणून त्याचं नाव कोणी खोडलं नाही.
आपल्याकडे ४२ ला घरी बायको बाळंतीण, शेत पडीक, मोठा मुलगा तापाने आजारी अशा अवस्थेत कोणी सही केली असेल तर त्याने आत काढलेले दिवस खोटे होत नाहीत. नाव टाका.

सातपुड्याचा_पोर:
मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. इटलीचं वाचा, जरूर वाचा, पण यादी करताना कोणाला विचारताय ते आधी बघा. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ ला गोळीबारात शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गेले, त्यांची नावं आज पोरांना पाठ आहेत, असायलाच हवीत. पण आपल्या सातपुड्यात आंबापाणीला १८५८ ला इंग्रजांशी जी लढाई झाली त्यात भिल्लांचे पुढारी खाज्या नाईक यांच्या बाजूने किती भिल्ल मेले, किती बायका धरून नेल्या, त्यातली नावं कोण सांगू शकतो? लिहिणारं कोणी नव्हतं म्हणून गेली. तुमच्या गावात पण ४२ ला भिल्लवस्तीतलं किंवा सालदारांपैकी कोणी जेलात गेलेलं असू शकतं आणि त्यांच्या घरात ताम्रपट नसेल. नुसत्या पेन्शनच्या कागदांवरून यादी केली तर ते सुटतील. वस्तीत जाऊन म्हाताऱ्यांना विचारा, मगच दगड कापा.

पांझरेकर:
दादा बरोबर बोलला. कागद धुंडाळायला धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात पण एक चक्कर मारा, जुनी वर्तमानपत्रं कुठे मिळतील ते तिथे सांगतील.
आणि एक. पाटीवर नुसतं थोर देशभक्त लिहू नका. कुठल्या साली, कशासाठी धरलं, कुठल्या जेलात, किती महिने, एवढं प्रत्येक नावापुढे लिहा. विनोबा १९३२ ला धुळे जेलात गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं हे आपल्याला माहीत आहे कारण साल आणि जागा सांगता येते. आमच्या चौकातल्या पाटीवर वरती मोठ्ठं अमर रहे, खाली नावं, आणि त्याहून मोठ्या अक्षरात उद्घाटन करणाऱ्या साहेबांचं नाव. शाळेतलं पोरगं विचारतं हे कोण होते तर बापाला सांगता येत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

बोरीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. कालच्या मीटिंगमध्ये पेलिकोचं आणि त्या गुलाबाचं सांगितलं, सगळे गप्प बसून ऐकत होते. बाँडवाल्या आजोबांचं नाव घ्यायचं ठरलं, त्यांचा नातू विरोध करणाऱ्यांच्याच शेजारी बसला होता. यादी आता थांबवलीय, आधी भिल्लवस्तीत जायचं ठरलंय, माझ्यासोबत सरपंच ताई पण येताहेत. उद्घाटकाचं नाव दगडावर नको यावर मात्र अजून भांडण चालू आहे, ते मी सोडणार नाही.
जळगाव किंवा धुळ्यात ग्रॅनाइटवर मराठी अक्षरं खोल कोरणारा चांगला कारागीर कोणाला माहीत असेल तर सांगा, स्टिकर किंवा रंग नको, दोन पावसाळ्यात उडून जातो. जोडाक्षरं न तोडता कोरणारा पाहिजे.