मदत हवी आहे: पोको एफ१ वर लिनिएजओएस, फास्टबूटमध्ये 'प्रेस एनी की टू शटडाउन'

जुनंतेसोनं:
पोको एफ१, ६ जीबी/६४ जीबी. मीयूआय १२ (शाओमीची सिस्टीम), अँड्रॉइड १०. कंपनीकडून यापुढे अपडेट नाही, म्हणून लिनिएजओएस (अँड्रॉइडवर आधारित मोफत सिस्टीम) टाकतोय. बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक झालाय. फास्टबूटमध्ये (लॅपटॉपवरून फोनला कमांड द्यायचा मोड) विंडोज ११ च्या लॅपटॉपवर 'फास्टबूट डिव्हायसेस' दिलं की फोन दिसतो. रिकव्हरी (नवी सिस्टीम टाकायचा छोटा मेनू) फ्लॅश करायला, म्हणजे फोनवर लिहायला गेलं की स्क्रीन काळी होते, वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'प्रेस एनी की टू शटडाउन' येतं आणि कमांड लटकून राहते. ड्रायव्हर पुन्हा टाकून पाहिले. फोन गेला का? शिवाय गूगलची ॲप्स नेमकी कधी टाकायची आणि यूपीआय चालेल का?

तारजोडणी:
फोन ठणठणीत आहे, घोळ पोर्टचा आहे. या फोनचं फास्टबूट काही लॅपटॉपांच्या यूएसबी ३ पोर्टशी जमवून घेत नाही. छोटी कमांड जाते, मोठी फाइल निघाली की बोलणं तुटतं. मध्ये साधा यूएसबी २ चा हब लावा. केबल ए-टू-सी, डेटावाली. पॉवर बटण दाबून धरून फोन बंद करा, मग आवाज कमी + पॉवर धरून परत फास्टबूटमध्ये या.

सह्यकडा:
हबचं बरोबर आहे. पुढे मात्र क्रम चुकवू नका, बहुतेकांचं तिथेच फसतं.

बेरिलियम हे या फोनचं सांकेतिक नाव, त्याचीच फाइल घ्या. रिकव्हरी फ्लॅश झाली की 'फास्टबूट रीबूट' देऊ नका. केबल काढा आणि आवाज वाढवा + पॉवर धरून थेट रिकव्हरीत जा. मधेच मीयूआय चालू झालं तर ते आपली मूळ रिकव्हरी परत बसवतं आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

रिकव्हरीत आधी फॅक्टरी रीसेट, त्यात फॉरमॅट डेटा. मीयूआयचं एन्क्रिप्शन तसंच राहिलं तर नवी सिस्टीम सुरूच होत नाही. यात फोटोबिटो सगळं जातं. मग अप्लाय अपडेट, अप्लाय फ्रॉम एडीबी, आणि लॅपटॉपवरून लिनिएजची झिप साइडलोड (केबलने पाठवून फोनवर बसवणं). सिस्टीम पहिल्यांदा चालू करायच्या *आधी* लगेच गूगल ॲप्सची झिप. माइंडदगॅप्स (गूगल ॲप्सचा तयार संच) घ्या, एआरएम६४ (या फोनच्या प्रोसेसरचा प्रकार) ची, आणि ज्या अँड्रॉइड आवृत्तीचं लिनिएज आहे त्याच आवृत्तीची. 'सही जुळत नाही' असं रिकव्हरी म्हणेल, तिथे येस करा. ती झिप लिनिएजच्या चावीने सही केलेली नसते, एवढंच.

जुनंतेसोनं:
हबने काम झालं, रिकव्हरी बसली. आता साइडलोड लॅपटॉपवर ४७ टक्क्यांवर थांबलंय. केबल काढू?

सह्यकडा:
अजिबात नको! लॅपटॉपवरचा आकडा ४७ ला थांबणं नेहमीचंच, फाइल पोचलेली असते. फोनच्या स्क्रीनकडे बघा. तिथे काम संपून मेनू परत आला की झालं.

तारजोडणी:
यूपीआयचं: बूटलोडर अनलॉक असला की प्ले इंटिग्रिटीची (फोन विश्वासार्ह आहे का ही गूगलची तपासणी) 'डिव्हाइस' पातळी सहसा मिळत नाही. ती पाहायची की नाही हे प्रत्येक ॲप आपलं ठरवतं, त्यामुळे एक बँक चालते, दुसरी उघडतानाच बंद पडते. तपासणीला चकवणारी मॉड्यूल मिळतात, पण आज चाललेलं उद्या बंद पडतं. ज्या नंबरावर बँक आहे ते सिम दुसऱ्या फोनमध्ये ठेवा.

आणि यावर उपाय म्हणून बूटलोडर परत लॉक करू नका. लिनिएज असताना लॉक केलात तर फोन चालूच होणार नाही. लॉक करायचाच असेल तर आधी पूर्ण मूळ मीयूआय टाकायचं.

सह्यकडा:
पुढची नेहमीची अपडेट्स सेटिंग्ज, सिस्टीम, अपडेटर इथून येतील. डेटा जात नाही, गूगल ॲप्सही टिकतात. अँड्रॉइडची मोठी आवृत्ती बदलताना मात्र पुन्हा साइडलोड, आणि त्या आवृत्तीचं गॅप्स रीबूटच्या आधी. तेव्हा फॉरमॅट लागत नाही, तरी बॅकअप घ्याच.