कॉन्स्टंटाइनने टीम बांधली की नुसता रंग मारला?

बाळीवेसकर

परवा आपल्याच गावातल्या एकाचं लिखाण वाचलं. त्याचं म्हणणं असं : "कोच स्टीफन कॉन्स्टंटाइनने भारतीय फुटबॉलचं काडीचं भलं केलं नाही. लाओस, मकाव, कंबोडिया असल्या टीमा मारून रँकिंग फुगवलं आणि निघून गेला. गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरकडून २-१ हरून २०२७ चा आशिया कप हुकला, ती त्याच सवयींची फळं." दोन दिवस गप्प बसलो. आज राहवत नाही.

२०१५ च्या जानेवारीत हा माणूस दुसऱ्यांदा आला तेव्हा आपण कुठं होतो? मार्चमध्ये फिफा रँकिंग १७३. मॅच कधी असते, कुठं असते, कुणाला पत्ता नसायचा. त्याने जुन्या नावांचा मुलाहिजा ठेवला नाही. संदेश झिंगन त्याच्याच हाताखाली पहिल्यांदा भारताकडून खेळला. प्रीतम कोटाल, उदांता, अनिरुद्ध थापा, आशिक, सगळे त्याच्याच काळातले. २०१६ च्या जूनपासून २०१८ च्या मार्चपर्यंत टीम एकही मॅच हरली नाही. म्यानमारला त्यांच्या घरात ६४ वर्षांनी हरवलं, छेत्रीचा गोल ९० व्या मिनिटाला. जुलै २०१७ ला आपण ९६ वर होतो. आणि ६ जानेवारी २०१९, अबू धाबी, थायलंड ४-१. आशिया कपात १९६४ नंतरचा पहिला विजय. दुसऱ्याच दिवशी थायलंडने आपला कोच काढून टाकला.

आता १४ जानेवारीची रात्र. सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेचे दिवस. घरची सगळी होम मैदानावर, मी पाळण्याच्या रांगेत मोबाइल धरून उभा. गर्दीत नेटवर्क येतंय-जातंय. बहारीनशी बरोबरी सुटली असती तरी आपण पुढच्या फेरीत होतो. नव्वद मिनिटं ०-०. चित्र अडकलं. परत चालू झालं तेव्हा बॉल पेनल्टीच्या ठिपक्यावर ठेवलेला होता. पुतणी हात ओढत होती, "काका, आपला नंबर आला." मी पाळण्यात बसलोच नाही. त्याच रात्री कॉन्स्टंटाइनने राजीनामा दिला.

त्या माणसाला "रँकिंग फुगवणारा" म्हणताना थोडा तरी विचार करा.

डावा पाय

ते लिखाण माझंच आहे, नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. एक शब्द मागे घेणार नाही.

तुम्ही २०१५ चा मार्च सांगितला, मग जून का गाळला? १६ जूनला आपण गुआमकडून २-१ हरलो. दोन लाखांच्याही आतल्या वस्तीचं बेट आहे ते. २०११ च्या जनगणनेत एकटं सोलापूर साडेनऊ लाखांचं. वर्ल्ड कप पात्रतेच्या त्या गटात आठ मॅच, सात पराभव, सगळ्यात खाली आपण. ही कसली बांधणी?

२०१९ च्या आशिया कपात जागा १६ च्या २४ झाल्या होत्या, तेही सांगा. त्याच्या पात्रतेत आपण हरवलं कुणाला? किरगिझस्तान सोडलं तर गटात दम असलेलं कोण होतं? आणि खेळ? गुरप्रीतने लांब मारायचा, पुढं कुणीतरी डोकं लावायचं, उरलेलं छेत्री बघेल. छेत्री नसेल तर? ते उत्तर त्याने कधी शोधलंच नाही, म्हणून तर ४० व्या वर्षी छेत्रीला निवृत्तीतून परत बोलवावं लागलं.

बहारीनची मॅच तुम्ही पाळण्याखाली बघितली, मी घरात मोठ्या स्क्रीनवर बघितली. पहिल्या मिनिटापासून आपण स्वतःच्या बॉक्ससमोर उभे. नव्वद मिनिटं पाणी अडवत बसलं की ९१ व्या मिनिटाला बांध फुटणारच. ते नशीब नव्हतं, तो प्लॅन होता.

रेल्वे लाइन्सचा स्टॉपर

डाव्या पाया, लांब बॉल मारायचा म्हणून कोचला शिव्या देऊलालास, तू मुरमावर कधी खेळलास का बे?

मी अठरा वर्षं स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, खेळलो. आपल्याकडं मार्च-एप्रिलात मैदान कसं होतं माहीत आहे ना? वरचा मुरूम सुटतो, खाली पाटा होतो. जमिनीवरून पास दिला की बॉल खड्याला लागून भलतीकडंच उडतो आणि समोरचा स्ट्रायकर एकटा गोलकीपरवर. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा तूही उचलून मारशील. आमचे कोच एकच सांगायचे, "आधी आपल्या घरातनं बाहेर काढ, मग शहाणपणा कर." गुडघ्यावरचे डाग अजून आहेत माझ्या.

आपली निम्मी पोरं असल्याच मैदानांवरून वर येतात. विसाव्या वर्षी ती कॅम्पला आली की त्यांना दहा दिवसांत बार्सिलोना करता येत नाही. दहा दिवसांत शिकवता येतं ते एवढंच : उभं कुठं राहायचं, पळायचं किती आणि कॉर्नरला कुणाला धरायचं. कॉन्स्टंटाइनने ते शिकवलं. यूएईविरुद्ध २-० हरलो, पण उदांताचा फटका बारला लागला होता हे विसरू नको.

जुळे सोलापूर

आधीचा कोच बॉब हाउटनला विसरलात सगळे. खरी बांधणी त्याची. २००७ आणि २००९ चा नेहरू कप, दोन्ही वेळा फायनलला सीरियाला हरवलं. २००८ ला एएफसी चॅलेंज कप, ताजिकिस्तानवर ४-१, छेत्रीची हॅटट्रिक. त्याच्या जोरावर २७ वर्षांनी आशिया कप. कॉन्स्टंटाइनला २४ टीमांचा कप मिळाला, हाउटनने १६ च्या कपात नेलं.

बाळीवेसकर

नेलं, मान्य. पण तिथं काय झालं? ऑस्ट्रेलिया ०-४, बहारीन २-५, कोरिया १-४. तीन मॅचमध्ये १३ गोल खाल्ले. २०१९ ला चार केले, चार खाल्ले. २०२४ ला पुढचा कोच श्टिमाचच्या टीमने सहा खाल्ले आणि एकही केला नाही. याच आकड्यांत माझं म्हणणं आहे.

जुळे सोलापूर

२०११ चा गट बघा ना! ऑस्ट्रेलिया आणि कोरिया एकाच गटात. ऑस्ट्रेलिया तर फायनलला गेली त्या वर्षी. तुमच्या गटात थायलंड होतं. आकडे असे शेजारी ठेवायचे नसतात.

बाळीवेसकर

बरं, गट अवघड होता. तेवढं देतो तुम्हाला. पण हाउटन महिनोन्‌महिने कॅम्प लावायचा, पोरं क्लबकडून सुटायची. आयएसएल (इंडियन सुपर लीग) आल्यावर ते दिवस गेले. कॉन्स्टंटाइनला आठ-दहा दिवस मिळायचे, तेही क्लबच्या मिनतवाऱ्या करून.

करवीरकन्या

मी माहेरची कोल्हापूरची, लग्न होऊन सोलापुरात वीस वर्षं झाली. तुमचं सगळं वाचलं. कोच आला, कोच गेला, पण पोरं कुठून येणार यावर कुणी बोलतच नाही.

आमच्याकडे शाहू स्टेडियमला तालमींच्या फुटबॉल टीमांची मॅच असली की पेठेतली दुकानं अर्धी बंद. पाटाकडील आणि शिवाजी मंडळाची मॅच असेल तर घरात दोन भाऊ दोन दिवस बोलत नाहीत. माझ्या आईला ऑफसाइड कळतो. तिथूनच अनिकेत जाधव निघाला, २०१७ चा १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला. इथं माझ्या मुलाला फुटबॉल खेळायचाय म्हटल्यावर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "क्रिकेटला घाला की, पार्कवर आता चांगलं मैदान झालंय." झालंय खरंच, रणजी मॅचही झाली. पण फुटबॉलच्या पोरांनी जायचं कुठं?

डावा पाय

आलं कोल्हापूर. सोलापुरात काहीही विषय काढा, तिसरा माणूस कोल्हापूर आणतो. ताई, तुमच्याकडं तालमी आहेत, शाहू महाराजांची पुण्याई आहे. आमच्याकडं गिरण्या होत्या, त्या गेल्या. आमच्या आजोबांनी पाळी संपवून कुठं खेळायचं होतं?

करवीरकन्या

मी हिणवायला लिहिलं नाही. वीस वर्षं इथं राहते, माझा मुलगा सोलापूरचाच आहे. त्याला मैदान मागतेय, तुमच्या गावाला नावं ठेवत नाही.

पीटीचे सर

मी निवृत्त क्रीडाशिक्षक. मधे बोलतो, क्षमा असावी.

१५ सप्टेंबर २०१७ आठवतो का? महाराष्ट्रात एका दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा, असा कार्यक्रम होता. वर्ल्ड कप नवी मुंबईतही होणार होता म्हणून सगळीकडे उत्साह. शाळाशाळांना बॉल आले. आमच्या वाट्याला तीन आले. नवे कोरे, प्लास्टिकच्या पिशवीत, हवा काढून चपटे केलेले. पंप शाळेत होता, पण सुई नव्हती. सायकलच्या दुकानात गेलो, तिथली सुई जाड. शेवटी स्टेशनसमोरच्या एका दुकानातून दोन सुया आणल्या, एक पहिल्याच बॉलमध्ये वाकली. ग्राउंडवर चुन्याची पूड टाकून गोल आखले, बांबू रोवले. सहावीच्या मुली अनवाणी खेळल्या. एक मुलगी गोल झाल्यावर रडायला लागली, आनंदाने. मी पस्तीस वर्षं नोकरी केली, तसा दिवस दुसरा नाही.

पुढच्या सोमवारी मुलं बॉल मागायला आली. मला सांगण्यात आलं की डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झाली आहे, खराब झाले तर भरून द्यावे लागतील, कपाटात ठेवा. मी एक बॉल बाहेर ठेवला, माझ्या जबाबदारीवर. त्याच्यावर मुलांनी दोन वर्षं काढली. शिवण उसवली की चांभाराकडून शिवून आणायचो. बाकीचे दोन कपाटातच कडक झाले.

डावा पाय

सर, २०१७ ला मी नववीत होतो. दुसऱ्या शाळेत. त्या दिवशी आम्हाला बॉल मिळाला तो फोटोपुरता. रांगेत उभं केलं, एकेकाने पाय लावायचा, फोटो, पुढचा. माझा नंबर आला तेव्हा मी डाव्या पायाने जरा जोरात मारला तर कानाखाली बसली, बॉल गटारीत गेला म्हणून. नंतर पीटीचा तास दहावीपर्यंत गणिताला गेला. तुमच्या कपाटात दोन होते ना, तसे आमच्या कपाटात सगळे होते. काचेतून दिसायचे. दोन वर्षं मी ते काचेतून बघितले. आणि तुम्ही मला सांगूलालाव की एका कोचने चार वर्षांत देश बदलला!

पीटीचे सर

बाळ, तुझं खरं आहे. तिन्ही बॉल मी बाहेर काढायला हवे होते. नोकरीची तीन वर्षं राहिली होती, घाबरलो.

रेल्वे लाइन्सचा स्टॉपर

सर, तुम्ही एक तरी काढला. डाव्या पाया, तुझा राग कपाटावर आहे आणि तू तो कॉन्स्टंटाइनवर काढूलालास. कपाट त्याने लावलं नव्हतं.

डावा पाय

कपाट त्याने लावलं नव्हतं, पण कपाट आहे हे झाकायला त्याचं ९६ नंबरचं रँकिंग कामी आलं. "बघा, आपण शंभरात आलो" म्हणून सगळे खूश. खाली काय चाललंय कुणी विचारलं नाही. पुढं २०२४ ला गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून हरलो तेव्हा सगळ्यांना धक्का बसला. मला नाही बसला.

बाळीवेसकर

हे तू आधी असं लिहिलं असतंस तर मी एवढा चिडलो नसतो. रँकिंगने डोळ्यांवर झापड आली, हे मलाही मान्य करावं लागेल. पण त्याचा दोष संघटनेवर जातो, कोचवर नाही. राष्ट्रीय कोचला वरची वीस-पंचवीस पोरं मिळतात, त्यांचं त्याने काय केलं ते बघायचं. हा माणूस पुढं पाकिस्तानला गेला. २०२३ च्या ऑक्टोबरात इस्लामाबादला कंबोडियाला १-० हरवलं, वर्ल्ड कप पात्रतेत पाकिस्तानचा तो पहिला विजय. त्याआधी नेपाळ, मलावी, सुदान, रवांडा. पडक्या घरातच राहायला जातो तो.

जुळे सोलापूर

आणि त्यानंतर पाकिस्तान पुढच्या फेरीतल्या सहाही मॅच हरलं. घर उभं करून पुढं राहता येत नाही त्याला, असंही म्हणता येईल. टेकू लावणारा माणूस आहे, गवंडी नाही. पायाचं म्हणाल तर जुने कोच रहीमसाहेब. आपल्याशेजारच्या हैदराबादचे, पेशाने मास्तर. १९५६ ला मेलबर्न ऑलिम्पिकला चौथे, १९६२ ला जकार्ता एशियाडला सुवर्ण, तेही आजारी शरीराने. पुढच्या वर्षी गेले. त्यांच्यानंतर आपण जे घसरलो ते घसरलोच.

बाळीवेसकर

रहीमसाहेबांपुढं कुणीच नाही, तिथं वाद नाही. पण भिंत पडत असताना टेकू लावणाराही लागतो. १७३ वर तुम्ही गवंडी शोधत बसला असता तर छप्पर डोक्यावर आलं असतं.

डावा पाय

थायलंडची मॅच चांगली झाली होती. थापाचा गोल मी अजून बघतो. एवढंच देतो. बहारीनचं माफ नाही.

करवीरकन्या

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. सर, तुम्ही अजून शिकवता का कुणाला?

पीटीचे सर

रविवारी सकाळी साडेसहाला सात-आठ पोरं येतात माझ्याकडे, मिळेल त्या मैदानावर. पाठवा त्याला. बूट नसले तरी चालतील. बॉल एकच आहे आणि परवापासून हवा धरत नाही.

रेल्वे लाइन्सचा स्टॉपर

माझ्याकडं एक आहे, बरा आहे. घेऊन येतो. खडे वेचायला मात्र सहालाच यावं लागेल.

डावा पाय

सुई मी आणतो. बारीक.