तुरुंगातल्या फोनचं बिल नेमकं कोण भरतं?

पारोळ्याचा_कापूसवाला
काल गावच्या ग्रुपवर पोस्ट फिरली: "गुन्हेगारांना घरी फोन करायची सोय, आणि बिल आपल्या खिशातून." खाली अंगठ्यांची रांग. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

माझा धाकटा भाऊ चौदा महिने आत होता, मग निर्दोष सुटला. त्या चौदा महिन्यांत फोनचा रुपया न् रुपया आम्ही मनिऑर्डरने भरला. माय कापूस वेचायला जाताना मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात बांधायची. आतून फोन कधी येईल ते सांगता येत नाही, आणि चुकला तर उलटा लावता येत नाही. एकदा ती डोक्यावर गाठोडं घेऊन बांधावरून येत होती, तेवढ्यात वाजून बंद पडला. त्या दिवशी तिने भाकरीचा तुकडा मोडला नाही. आता सांगा, कोणत्या करदात्याचं काय गेलं?

धुळे_निवृत्त
भाऊ, मी तुरुंग खात्यात नोकरी केली आहे. भिंतीला यंत्र टांगलं की झालं, असं नसतं. दिलेला नंबर खरंच घरच्यांचा आहे का ते तपासा, रांगेला एक शिपाई द्या, बोलणं ऐकायला दुसरा. साक्षीदाराला धमकी गेली तर जबाब आम्ही द्यायचा. फोनपाशी उभा केलेला शिपाई बराकीवर कमी पडतो. त्याचा पगार मनिऑर्डरीतून येत नाही.

पारोळ्याचा_कापूसवाला
काका, पहाऱ्याचा खर्च आहे, मान्य. पण तो वसूल करायचा कुणाकडून? वॉशिंग्टनची मार्था राइट नावाची आजी आत असलेल्या नातवाशी परवडेल अशा दरात बोलता यावं म्हणून २००० साली कोर्टात गेली. तिकडे अमेरिकेत फोन कंपन्या ठेका मिळवायला तुरुंगाला कमिशन द्यायच्या. म्हणजे घरच्यांना फोन जितका महाग, तितकी तुरुंगाची कमाई जास्त. २०१३ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने राज्याबाहेरच्या कॉलला मिनिटाला २१ सेंटची मर्यादा घातली आणि २०२४ मध्ये तुरुंगांसाठी ती ६ सेंटवर आणायचं ठरवलं. पंधरा मिनिटांचे तीन डॉलर पंधरा सेंट होत होते, त्याचे नव्वद सेंट. मग वरचे पैसे कशाचे होते?

धुळे_निवृत्त
अर्धंच सांगू नका. २०२५ मध्ये त्याच आयोगाने ते दर पुढे ढकलले. सुरक्षेचा खर्च निघत नाही, अशीच ओरड होती.

रावेर_केळीबाग
सगळ्यांना सगळं स्वस्त पाहिजे. २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट, मी भुसावळपर्यंत उभा राहून पूर्ण पैसे देतो. माझ्या विहिरीवरची केबल तीनदा चोरीला गेली. तपासाचं विचारायला खेट्या मारल्या, त्याही पदरच्या पैशाने. मला कुणी एक फोन केला का?

चाळीसगावची_लेक
अर्ध्या तिकिटावर घसरू नका भाऊ. माझी वहिनी दर महिन्याला नाशिकरोडच्या तुरुंगात मुलाखतीला, म्हणजे कैद्याच्या भेटीला, जाते. आधी एकटी जायची, आता लेकराला सोबत नेते, ते त्या अर्ध्या तिकिटामुळे. बसमध्ये जागा नाही तो दोष गाड्यांचा, बायांचा नाही.

रावेर_केळीबाग
गाड्या का नाहीत? पैसा सवलतीत गेला म्हणून!

चाळीसगावची_लेक
तुमच्या घरातली बाई त्याच तिकिटावर माहेरी जात नाही का? तिला पूर्ण काढायला सांगा आणि मग इथे या.

रावेर_केळीबाग
घरावर जायचं काम नाही ताई.

अमळनेर_मास्तर
एसटी बाजूला ठेवा. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. भिंतीबाहेर शब्द गेला म्हणून कुणाचं वाईट झालं नाही.

रावेर_केळीबाग
विनोबा आणि केबलचोर एका ओळीत? मास्तर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

अमळनेर_मास्तर
उदाहरण चुकलं असेल, मागे घेतो. पण आत सगळे चोरच आहेत हे कुणी ठरवलं? २०२२ अखेर देशात ५,७३,२२० कैदी होते, त्यातले ४,३४,३०२ कच्चे. निकालच लागलेला नाही. वकिलाला काय सांगायचं, जामीनदार कोण आणायचा, हे घरच्यांशी न बोलता कसं ठरणार?

धुळे_निवृत्त
एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे, ती नाकारणार नाही. ज्याचं घरी बोलणं झालं, तो रात्री भांडत नाही. त्यामुळे कॉलवर कमाई करू नका, इथपर्यंत तुमचं ऐकतो. मात्र आधी शिपायांची रिकामी पदं भरा. दोन माणसांच्या जिवावर फोनची वेळ वाढवा म्हणाल, तर नाही.

पारोळ्याचा_कापूसवाला
पदं भरा, त्या अर्जावर पहिली सही माझी. मायचा नंबर तपासून मंजूर व्हायला सतरा दिवस लागले होते. तपासायला माणूस नव्हता, हेच कारण सांगितलं होतं.

रावेर_केळीबाग
सतरा दिवसांनी का होईना, तुमच्या मायला फोन आला. मी तिसऱ्या केबलीचा अर्ज देऊन पावसाळा गेला.

धुळे_निवृत्त
पावती आहे का अर्जाची? असेल तर तारीख सांगा.