शब्दचर्चा: 'यॉमनरी'ला मराठीत काय म्हणावे?

एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करतेय. विषय 'शेरवुड रेंजर्स यॉमनरी' ही नॉटिंगहॅमशायरची ब्रिटिश पलटण. लेखात तिला 'रिझर्व्ह आर्मर्ड कॅव्हलरी' म्हटले आहे. मी 'राखीव चिलखती घोडदळ' केले, तर आई वाचून म्हणाली, "म्हणजे घोड्यांना चिलखत घालायचे का गं?" आणि 'यॉमनरी'शी तर दोन दिवस झटतेय. सुचवा काहीतरी.

प्रतिसाद

'राखीव रणगाडा दल' करा आणि मोकळ्या व्हा.

उत्तर

अहो, पलटण 1794 सालची आहे. तेव्हा रणगाडे कुठून आणू?

प्रतिसाद

माझे मत 'शिलेदार'. कारण जरा लांबून सांगतो.

1794 मध्ये फ्रेंच चाल करून येतील या धास्तीने इंग्लंडात परगण्यापरगण्यातून स्वयंसेवक घोडेस्वार उभे राहिले. 'यॉमन' म्हणजे स्वतःच्या जमिनीचा मालक असलेला मध्यम शेतकरी. आपल्याकडे त्याला साधारण मिरासदार म्हटले असते. हा माणूस आपल्या घोड्यावर बसून यायचा, हत्यार सरकार द्यायचे. कवायत झाली की पुन्हा शेतावर.

आता आपली जोडी बघा. पागेचा, म्हणजे सरकारी घोडा मिळतो तो बारगीर. स्वतःचे घोडे नि हत्यार घेऊन येतो तो शिलेदार. मूळ फारसी 'सिलाहदार', हत्यारबंद माणूस. गंमत अशी की यॉमनकडे घोडा घरचा पण हत्यार सरकारचे, तेव्हा व्युत्पत्तीने तो शिलेदार ठरत नाही. पण मराठीत या शब्दाचा भार हत्यारावरून घोड्यावर कधीच सरकला आहे.

इंग्रजांनी हा शब्द उचललाही. बंगाल आणि मुंबईकडच्या त्यांच्या बहुतेक देशी रिसाल्यांत, म्हणजे घोडेस्वार पलटणींत, 'सिलादार' पद्धत होती: स्वार घोडा, खोगीर, तलवार आपली आणी किंवा त्यापोटी पलटणीत रक्कम भरी, सरकारकडून बंदूक आणि दारूगोळा. त्या रकमेला म्हणत 'असामी'. आपली 'बडी असामी' आठवली की नाही? पहिल्या महायुद्धात घोडे इतक्या वेगाने मेले की पलटणींच्या गंगाजळीतून नवे घेणे परवडेना, आणि युद्धानंतर 1921 च्या फेररचनेत ही पद्धत गेली.

तुमच्या लेखात नसेल तर हे जरूर घाला: 1918 मध्ये पॅलेस्टाइनच्या मोहिमेत 14 व्या कॅव्हलरी ब्रिगेडमध्ये तीन पलटणी होत्या. शेरवुड रेंजर्स, 20 वी डेक्कन हॉर्स आणि 34 वी पूना हॉर्स. म्हणजे नॉटिंगहॅमचे यॉमन आणि पुण्याच्या नावाची पलटण एकाच ब्रिगेडमधून दमास्कसच्या दिशेने दौडत होती. पूना हॉर्सचा जन्म 1817 चा, पेशव्यांशी झालेल्या पुणे करारातून. एकमेकांच्या पद्धतीला त्यांनी काय नावे ठेवली असतील कोण जाणे, पण शिलेदारी दोघांनाही कळत होती.

प्रतिसाद

'शिलेदार'ला माझा विरोध आहे, आणि तो इतिहासाचा नाही, आजच्या वापराचा आहे. वर्तमानपत्र उघडा: 'अमुक नेत्याचा खंदा शिलेदार'. अर्थ काय, तर साहेबांच्या शब्दाबाहेर नसलेला. खरा शिलेदार घोडा स्वतःचा असल्यामुळेच बारगिरापेक्षा मोकळा होता. आज आपण ज्यांना शिलेदार म्हणतो ते सगळे बारगीर आहेत, गाडीसुद्धा साहेबांची! वाचक हाच अर्थ घेणार.

(बारगिराचे नशीबही बघा. बंगालीत त्याचा 'बर्गी' झाला आणि मराठ्यांच्या स्वाऱ्यांपासून आजतागायत अंगाईगीतात पोरांना भीती घालतोय.)

आणि यॉमनरीला काळी बाजूही आहे. 16 ऑगस्ट 1819 ला मँचेस्टरमध्ये सेंट पीटर्स फील्डवर मताधिकार मागायला जमलेल्या नि:शस्त्र लोकांवर घोडे घातले ते तिथल्याच यॉमनरीने. शेतमालक, दुकानदार, गिरणीवाले यांचे ते पथक, समोर कामगार. तिथे 'शिलेदार' लिहिले तर शिवकाळाचा सुगंध फुकट चिकटेल.

प्रतिसाद

'राखीव'बद्दल दोन शब्द. राज्य राखीव पोलीस दलातला जवान पूर्णवेळ नोकरीत असतो. यॉमनरीतला माणूस आठवडाभर बँकेत किंवा शाळेत, सुट्टीला कवायतीत. म्हणून आपल्या टेरिटोरियल आर्मीला 'प्रादेशिक सेना' म्हणतात ते मला बरे वाटते, पण इंग्रजांनी स्वतः त्यांच्या टेरिटोरियल आर्मीचे नाव 2014 मध्ये बदलून 'आर्मी रिझर्व्ह' केले. तेव्हा 'अर्धवेळ राखीव' म्हणा.

प्रतिसाद

आर्मर्ड कॅव्हलरीला सरळ 'रिसाला'. आपल्या रणगाड्याच्या पलटणींत आजही साधा जवान 'सवार', वर 'दफेदार', मग 'रिसालदार'. घोडा गेला, हुद्दे राहिले. आमच्या नगरला, आता अहिल्यानगर, आर्मर्ड कोअरचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि रणगाड्यांच्या संग्रहालयाचे नाव 'कॅव्हलरी टँक म्युझियम'. तिथे कोणी घोडा शोधत नाही.

उत्तर

सगळ्यांचे आभार. 'यॉमनरी' तसाच ठेवते. पहिल्यांदा येईल तिथे 'घरच्या घोड्यावर येणारे शेतकरी स्वयंसेवक, शिलेदारांच्या जातीचे' असे एक वाक्य. सेंट पीटर्स फील्डच्या परिच्छेदात शिलेदार नाही, पटले. 'रिसाला' तर फारच सोयीचा, कारण हीच पलटण दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी घोडे घेऊन पॅलेस्टाइनला गेली आणि 6 जून 1944 ला नॉर्मंडीच्या 'गोल्ड' किनाऱ्यावर शर्मन रणगाडे घेऊन उतरली. 'घोडदळ' लिहिले असते तर मधेच शब्द बदलावा लागला असता. रिसाला दोन्हीकडे चालतो.

1967 मध्ये अशा पाच पलटणी एकत्र करून 'रॉयल यॉमनरी' झाली, पण प्रत्येक स्क्वाड्रनने जुने नाव सोडले नाही. आता 'स्क्वाड्रन'ला काय म्हणू? 'तुकडी' फार लहान वाटते.

प्रतिसाद

स्क्वाड्रनला स्क्वाड्रनच राहू द्या. रिसालदारसुद्धा तेच म्हणतो.